काटे

नोटीस लागली हातमोज्यांच्या खोक्यावर:
गुरुवारी बालवाडीत पुस्तक वाचून दाखवायला माणसं हवीत.
नावं अकरा आली.
निघालो चौघं. त्यातला एलेउतेरियो
अर्धा तास लवकर सुटायला मिळतं म्हणून,
हे त्यानंच सांगितलं.

केयोनच्या चढावर चिलोएचा वारा
पिशवीतली पुस्तकं ओढून घेऊ बघतो.
मी लिंबानं हात घासले होते, दोनदा.
तरी मांडीवर बसल्या बसल्या यास्ना म्हणाली,
"तुझ्या पुस्तकाला सॅमनचा वास येतो."
येतोच.

तीन गुरुवार तेच पुस्तक, रात्रीच्या जनावरांचं.
सातव्या पानावर एक लांबलचक शब्द.
त्याच्यावरून मी उडी मारायची,
चित्रावर बोट ठेवून: "आणि हा उडाला."
माझी शाळा तिसरीत सुटली,
हे चार वर्षांच्या पोरीला कशाला सांगायचं?

चौथ्या गुरुवारी तिनं बोट ठेवलं नेमकं तिथं.
"हे तू खाल्लंस."
तिला वाचता येत नाही.
पण खाल्लेलं कळतं.

मग मी फॅक्टरीत करते तेच केलं.
मांसावरून बोट फिरवायचं, सलेल तिथं थांबायचं,
चिमट्यानं एकेक काटा, मोडू न देता.
मुर्.
सि.
ए.
ला.
गो.
सगळं बाहेर आलं. वटवाघूळ.

पलीकडे एलेउतेरियो तीन पोरांना घेऊन
घुबडासारखा घुमत होता, घड्याळाकडे पाठ.

"परत," यास्ना म्हणाली,
"पण भरभर नको."