अंकाई-टंकाई

नावं खैरनार साहेबांनी ठेवली.
एक सर्व्हर अंकाई, दुसरा टंकाई,
एक पडला तर दुसऱ्याने खिंड लढवावी म्हणून.
साहेब मनमाडकडचे.
अंबडच्या कारखान्यात, व्हॉल्व्ह पॅकिंगच्या मागे,
रंगाच्या डब्यांची खोली रिकामी करून
दोन एसी लावून त्यांनी हा गड बांधला.
रॅकखाली प्लायवूड, उंदरांसाठी डांबरगोळ्या,
आणि दर दसऱ्याला झेंडूची माळ.

परवा पंख्याचं झाकण उघडलं
तर आत सात-आठ दसरे निघाले,
वाळलेले.

पुण्याहून ऋतुपर्ण आला. त्याच्याकडे तक्ता होता:
जुनं डावीकडे, नवं उजवीकडे, मधे बाण.
नव्या यंत्राच्या पोटात चाळीस यंत्रं राहतील,
भाडेकरूंसारखी, एकमेकांचं तोंड न बघता.
नावं ठरली एनएसके-एक, एनएसके-दोन.
"मॅडम, नावांत जीव अडकवू नका."
बरोबरच होतं त्याचं.
मी स्वतः ऑपरेटिंग सिस्टिमला चौदा वर्षं हात लावला नव्हता.
बंद करून चालू केली आणि उठलीच नाही तर?
अंथरुणाला खिळलेल्याची कूस
आपण बदलायला नको, तसं.

शनिवारी रात्री नऊला नेटवर्क उतरवलं.
केबली निळ्या, करड्या,
आणि एक लाल, जी कुठे जाते
कुणालाच माहीत नव्हतं.
सलीम मन्यार तोंडात टॉर्च धरून
तिच्या मागोमाग पत्र्यावर चढला
आणि गेटवरून ओरडला, "भोंगा!"

सतरा वर्षं भोंगा अंकाई वाजवत होती.
आम्हाला वाटायचं वॉचमन वाजवतो.
वॉचमनला वाटायचं, ऑफिसातून कुणीतरी.

दुसरी पाळी सुटते अकराला.
फाइलीत लिहिलं होतं दहा छप्पन्न,
आणि वर साहेबांची टीप, इंग्रजी अक्षरांत मराठी:
सिन्नरची शेवटची गाडी. हात लावू नये.

ऋतुपर्णने गुणाकार केला.
चार मिनिटं, दोनशे माणसं, वर्षाचे तीनशे दिवस.
आकडा बरोबर आला.
मी काही बोलले नाही.
पहाटेचे साडेतीन वाजले होते, आणि
स्टोअरचा अर्धा डेटा अजून ओतायचा होता.

सोमवारी सगळे दिवे हिरवे.
मालक दारात थबकले, "आवाज का येत नाही?"
नव्यांना एवढा आवाज नसतो, मी म्हटलं.
त्यांनी मान डोलावली आणि पेढे सांगितले.
भोंगा रात्री अकराला म्हणजे अकराला,
सेकंदाचाही फरक नाही.

मंगळवारी पॅकिंगचे दत्तू आव्हाड आले,
चपला बाहेर काढून, देवळात यावं तसे.
"काल भोंग्याला काय झालं होतं?
एकोणीस जणं होतो. द्वारकेपर्यंत रिक्षांत कोंबून,
पुढे कांद्याच्या टेम्पोत.
घरी पोचलो तर दोन वाजून गेलेले."
तक्रार नव्हती. ते भोंग्याची तब्येत विचारत होते.

मी बदलाचा अर्ज भरला.
रकाना होता: व्यावसायिक कारण.
लिहिलं: गाडी.
परत आला, सविस्तर लिहा.
सविस्तर लिहिलं.
तीन सह्या लागतात, एक चेन्नईची.
दोन झाल्यात.

अंकाई-टंकाई भंगारात गेल्या.
डिस्कना नियमाप्रमाणे भोकं पाडली,
सलीमने ड्रिल धरलं, मी सही केली.

आणि सध्या रोज रात्री
इंदिरानगरात, ओटा पुसून झाल्यावर,
दहा पंचावन्नला मी फोन उघडते.
पासवर्ड, मग सहा आकडी कोड, मग अंगठा.
नवऱ्याला वाटतं मी औषधाची वेळ बघते.
वारा तिकडचा असला
तर खिडकीतून बारीकसा ऐकू येतो.
नसला तर मी आणखी चार मिनिटं
हातात फडकं धरून उभी राहते.