बाहेरगावचे नोड

खंडवा रोडवरच्या आमच्या प्रयोगशाळेत
सहा यंत्रं आहेत, काळ्या कपाटात एकावर एक.
नावं जुन्या बॅचच्या मुलांनी ठेवलेली:
गराडू, शिकंजी, जलेबा, कचोरी, कीस, पॅटिस.
मी हरकत घेतली होती. मग मीच
रात्री अडीचला फोनवर विचारू लागले,
"शिकंजी उठली का?"

सोयाबीनचा जनुकसंच जुळवायचा होता.
पानं पिवळी का पडतात,
आणि एका वाणाची का पडत नाहीत, एवढंच.
सहा जणांनी मिळून सांगितलं: अकरा आठवडे.
हातात उरले होते तीन.
त्यात गराडूचा पंखा
कढईत काही सोडल्यासारखा चुरचुरायला लागलेला.

ईशानी सरवटे म्हणाली, "मॅडम, भाड्याने घेऊ.
कपाट तेच, रांग तीच,
फक्त शेपूट मुंबईपर्यंत लांबवायचं."
म्हणजे घरात पाहुणे मावेनात की
शेजारच्या ओसरीवर गाद्या टाकतात, तसं.
मी म्हटलं, हा शेजारी तासाचे पैसे घेतो ना?
"सेकंदाचे," ती म्हणाली.

मग चार दिवस नुसत्या किल्ल्या.
ही तिकडे, ती इकडे, मध्ये बोगदा,
बोगद्याच्या तोंडाशी पहारेकरी,
माझाच बसवलेला, आणि मलाच ओळखेना.
कीसची बॅटरी कधीची मेलेली,
त्याचं घड्याळ सात मिनिटं मागे,
तर तिकडचे त्याला सरळ खोटारडा ठरवून मोकळे.

गुरुवारी रात्री पावणेबाराला
सहा नावांखाली एक आकडा उगवला.
मग दुसरा.
मग चाळीस.
आले, आपापला घास घेतला, गणित सोडवलं,
आणि रांग सरली तसे विझून गेले
कुणालाही रामराम न करता.

कचोरीला काही विचारलं की उत्तर लगेच.
त्यांना विचारलं की बावीस मिलिसेकंद.
बावीस मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही,
पण तो उशीर मला ओळखीचा वाटला.
पुण्याच्या आत्यापुढे मी
"येऊन राहिले ना" म्हटलं की
ती तेवढंच थांबायची. मग हसायची.
आमचा कुणी मूळपुरुष वाईहून निघाला,
नर्मदा ओलांडून आला हिशेब लिहायला.
काम संपलं की परत, असंच ठरलं असणार.
दोनशे वर्षं झाली, रांग काही सरेना.

दसऱ्याला कैलाश मालवीय
कुंकवाची वाटी घेऊन आला, दरवर्षीसारखा.
सहाही यंत्रांना बोट टेकवलं,
गराडूला दोनदा, आजारी म्हणून.
मग वळून म्हणाला, "और वो चालीस?"
मी म्हटलं, ते इथं नसतात.
मुंबईत असतात. म्हणजे, आत्ता तिथेही नाहीत,
बोलावलं की होतात.
त्याने ऐकून घेतलं. कोपऱ्यात गेला,
जिथून नारिंगी नळी भिंतीबाहेर पडते,
भोकाभोवतीची धूळ गमछाने पुसली,
एक ठिपका लावला,
उरलेलं झेंडूचं फूल नळीच्या बाकात खोचलं.
"इधर से पहुँच जाएगा," म्हणाला,
आणि वाटी धुवायला निघून गेला.

सोमवारी बिल आलं.
ईशानीने ते छापून कपाटाच्या दारावर चिकटवलं,
सगळ्यांनी बघावं म्हणून, किंवा मी एकटीने.
वाणाचं कोडं अर्धंच सुटलंय.
झेंडू वाळून तपकिरी झालाय, कुणी काढत नाही.
काल रात्री, लॅबमध्ये कुणी नव्हतं तेव्हा,
सतराव्या आकड्याला मी नाव दिलं: पोहे.
सकाळपर्यंत तो राहिला नाही.
पण हाक मारली तेव्हा ओ दिली होती त्याने,
बावीस मिलिसेकंदांनी.