निरगाठ

अर्जात एक चौकोन होता : क्लबचा उद्देश.
दोन दिवस मी तो रिकामाच ठेवला.
मग लिहिलं, गुरुवारी मधल्या सुट्टीत
मुलांनी बारा नंबरच्या वर्गात येऊन बसावं.
मिसेस हॅल्सॉल चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
"बसून काय?"
मी म्हटलं, बघू.

मी काही शिक्षक नाही. सेंट कथबर्टच्या
प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतो.
माझं तुस्कानो हे आडनाव
अख्ख्या प्रेस्टनला इटालियन वाटतं
आणि वसई सांगायची तर
दर वेळी कागदावर समुद्र काढावा लागतो.

पहिल्या गुरुवारी कोणी आलं नाही.
बिस्किटांचा पुडा, मी,
आणि भिंतीवर नववीच्या पोरांनी रंगवलेला ज्वालामुखी.
क्रुसाची खूण केली. चार बिस्किटं खाल्ली.

दुसऱ्या गुरुवारी फिंटन आला.
हीटरला टेकून बसला, बूट काढले,
ओले मोजे पाइपवर वाळत घातले.
"सर, देव मानावाच लागतो का?"
मोजे वाळेपर्यंत तरी नाही, मी म्हणालो.
पुढच्या खेपेस त्याने कात्सपेरला आणलं,
कात्सपेरने ओबिन्नाला,
आणि ओबिन्नामागून आठवीतले दोघे
ज्यांना फक्त बिस्किटं हवी होती;
तसं त्यांनी दारातच सांगून टाकलं.

प्रार्थना म्हणू या म्हटलं
की सगळे बुटाच्या नाड्यांकडे बघतात.
तेरा वर्षांचा मुलगा
मित्रांसमोर हात जोडण्यापेक्षा
दात पाडून घेईल.
म्हणून बाजारातून हिरवी दोरी आणली, तीस मीटर.
हात गुंतले की तोंड सुटतं.
हे बाबांचं शिकवणं, शिकवतोय असं न म्हणता.
वाडीत केळीच्या घडाला टेकू बांधताना
ते जे बोलून जायचे
ते जेवायला बसल्यावर कधी बोलले नाहीत.

दहा गाठी, थोडी मोकळी दोरी, मग एक.
बोटाभोवती तीन वेढे, टोक आतून, ओढ.
ही सुरगाठ, ओढली की सुटते.
ही नको. ही घ्या, निरगाठ.
शब्द त्यांना आवडला.
निरगाठ, निरगाठ करत ओबिन्ना वर्गभर फिरला,
ठ त्याला पहिल्याच दिवशी जमला,
फिंटनला अजून नाही.

मग मान वर न करता
कोणीतरी म्हणालं, भाऊ जानेवारीपासून घरी नाही.
कोणी म्हणालं, आईची रात्रपाळी.
आठवीतल्या धाकट्याने विचारलं,
कुत्रा म्हातारा झालाय,
त्याच्यासाठी म्हटलेली चालते का?
चालते, मी म्हणालो,
फादरांना न विचारताच.

कात्सपेरच्या माळेत अकरा गाठी निघाल्या.
फिंटन मोजून हसला, "चुकलास."
"मोजूनच मारलीय."
कोणासाठी ते तो बोलला नाही.
आणि ही पोरं, जी एकमेकांची आडनावंसुद्धा
चिडवायला सोडत नाहीत,
त्यांनी विचारलं नाही.
फिंटनने पुडा त्याच्याकडे सरकवला.
एकच उरलं होतं.

जूनमध्ये मिसेस हॅल्सॉलचा नवा कागद आला :
सदस्यसंख्या. काय साध्य झालं.
मी लिहिलं, पाच. मॅच असली की दोन.
खालचा चौकोन पुन्हा रिकामा.

माझी दोरी मी सहसा मोजत नाही,
ती खिशात किल्ल्यांबरोबर असते.
आज मोजली.
बाबांना माती द्यायला मी पोचलो नव्हतो,
तिकीट महाग होतं, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं.
दहावीपुढे अंगठा थांबला.
थोडी मोकळी जागा होती तिथे.

घंटा झाली. नळ्या तशाच पडल्या होत्या.
मी दोरी बोटाला गुंडाळली,
एक वेढा,
दोन.