हिशेब जुळत नाही

जानेवारी. धुकं इतकं
की किल्ला तीन दिवस गैरहजर.
चौतीस वर्षं एजी ऑफिसात
दुसऱ्यांचे आकडे तपासले,
आता वाटीत टोमॅटो पिळतो.

टोमॅटो जिन्सी नाल्यावरच्या रामकलीचा.
“बाबूजी, देसी है, फटेगा जरूर,
पर बीज रख लेना,” म्हणाली
आणि पिशवीत एक जास्तीचा टाकला.
आमच्या घरात टोमॅटो, गल्लीत टमाटर;
बियांना दोन्ही नावं सारखीच,
किंवा एकही नाही.

तीन दिवस वाटी ओट्याच्या कोपऱ्यात.
वर बुरशीची साय, वास असा
की मंदाकिनीनं नाकाला पदर लावून विचारलं,
“हे औषध आहे की अपराध?”
मग पाणी, गाळणी, पुन्हा पाणी.
पोकळ होत्या त्या तरंगल्या, वाहून गेल्या.
उरलेल्या बशीत वाळवल्या
(कागदाला चिकटतात, हे मागच्या वर्षी कळलं).
मोजल्या: एक्केचाळीस.
फिकट, लवदार,
मांजराच्या जिभेसारख्या खरखरीत.

गजकचा प्लॅस्टिकचा डबा,
कोपऱ्यात अजून दोन तीळ.
तळाला तापल्या सुईनं भोकं.
माती, शेणखत, चिमूटभर वाळू.
वर झाकण.
आणि ऊब?
डबा ठेवला इन्व्हर्टरवर.
तो रात्रभर गुणगुणतो, पाठ गरम ठेवतो.

पाचवा दिवस निरंक. सहावा निरंक.
सातव्याला वहीत लिहिलं: विलंबाचे कारण?
आठव्या सकाळी
झाकणाला आतून घाम
आणि मातीत एक पांढरा दोरा,
वाकलेला, मान खाली घालून,
उशिरा आलेल्या कारकुनासारखा.

मग रोज. एकोणतीसपर्यंत.
पुढे काही येईना. बाराला बाद म्हणून लिहिलं.

एकाच्या डोक्यावर बीचं टरफल अडकलेलं,
हेल्मेट घालूनच झोपलेल्या पोरासारखं.
मंदाकिनीनं बोट जिभेला लावलं,
ते टरफलाला. थांबली. पुन्हा लावलं.
लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली;
तिला इतकं हळू काही करताना
मी तपासलं नव्हतं.

रोपं खिडकीकडे झुकली, डबा फिरवला.
दुसऱ्या दिवशी पुन्हा झुकली.
पहिली दोन पानं कुणाचीही असू शकतात,
वांग्याची, मिरचीची.
तिसरं दातेरी आलं
आणि बोटाला तो वास लागला,
हिरवा, कडसर, साबणाला न जुमानणारा.

आठ रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली.
पाणी जास्त. चूक माझी. नोंद केली.
बाकीची दाटीत.
कमजोर असतील ती कापा, म्हणतात.
कात्री घेऊन बसलो.
नोकरीत लाल शाईनं कितीदा लिहिलं,
निर्लेखित करावे.
कात्री शिवणाच्या डब्यात परत गेली.

एकवीस. कुल्हडांत, दह्याच्या डब्यांत,
फेब्रुवारीच्या उन्हात रोज थोडा जास्त वेळ.
दोन शेजारच्या खानसाहेबांना,
तीन पार्लरवाल्या सवितेला,
नऊ शाळेच्या माळ्याला, सायकलच्या कॅरियरवर
ओल्या गोणपाटात.
पावती कुणाकडून घेतली नाही.

गच्चीवर सात हवीत.
आठ आहेत.
दोनदा मोजली, मग चष्मा पुसून.

“विसाव्या दिवशी एक उगवलं होतं,”
मंदाकिनी वाळवणावरून नजर न उचलता म्हणाली,
“तुम्ही बाद केल्यावर.
कान तुटलेल्या कपात लावलं.”

वही उघडली. पेन काढलं.
रकाना
तसाच मोकळा ठेवला.