फितीवाल्या बाईचा हात

बाझेलमध्ये रेशमी फितींचं दुकान माझं,
पुलाला लागून, घाऊक आणि किरकोळ.
पश्चिमेचा वारा असला की आल्सासकडच्या तोफा
काउंटरवरच्या तराजूला आधी कळायच्या.
रिकामी पारडी आपसूक थरथरायची.

त्या चार वर्षांत मला दोन चुलतभाऊ झाले,
म्हणजे कागदोपत्री.
हाले गावातला ओटोमार लेम्के,
आणि ब्रिटनीतल्या कँपेरचा आर्मेल त्रेविदिक.
लाइपत्सिगला शिकताना दोघांत एकच ओव्हरकोट होता.
बाही कुणाला आखूड पडायची
यावर त्यांचं युद्धातही एकमत झालं नाही.

शत्रूच्या देशात पत्र जात नाही.
माझ्या देशात येतं, माझ्या देशातून जातं.
जर्मनचं फ्रेंच, फ्रेंचचं जर्मन करून
मी ते माझ्या अक्षरात उतरवायची,
वर "प्रिय भाऊ", खाली "काकूला नमस्कार".
काकू नव्हतीच कुणाला.

ओटोमारने लिहिलं: शेजारचा व्हिओलावाला घरी आला,
डावा अंगठा तिकडेच राहिला.
रोज संध्याकाळी पेटी उघडून बसतो. त्याच्यासाठी काय लिहू?
आर्मेलचं उत्तर सात आठवड्यांनी:
विराम लिही. पण उगाच लांबवू नकोस,
त्याला मोजता येतं.

आणि प्रत्येक पत्रामागे पाच पाच रेघा.
मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही.
विणीचा नमुना उतरवावा तसे मी ते ठिपके उतरवायची,
कोणता भरीव, कोणता पोकळ,
कुणाची शेपटी वर, कुणाची खाली.
घरं मोजायची, टाके मोजावे तशी.

सतराच्या फेब्रुवारीत दिवा काजळला.
तेल संपत आलेलं, बोटं गारठलेली.
नवव्या घरातला एक ठिपका
एक रेघ वर चढला माझ्याकडून.
मला कळलंही नाही.

कळलं एप्रिलमध्ये, कँपेरहून.
"ओटोमार, नवव्या घरातला तो स्वर!
आपल्या मास्तरांनी वेताने बडवला असता तुला.
मी चार दिवस तिथेच राहतोय.
लिहिताना रडत होतास का?"

मी ते जसंच्या तसं पुढे पाठवलं.
प्रामाणिक बाई मी.
हालेहून तीन शब्द आले:
"कोणता रे स्वर?"

तो कागद मी संध्याकाळपर्यंत हातात धरून बसले.
गिऱ्हाईक आलं, गेलं, पाव मीटर निळी मागून गेलं.
मग घडी घालून मी तो
काळ्या फितींच्या खणात तळाशी ठेवला,
आणि आर्मेलला माझ्या अक्षरात लिहिलं:
"हो."

एवढं एकच वाक्य मी माझं घातलं चार वर्षांत.
बाकी सगळं त्यांचं.

अठराच्या ऑक्टोबरात आर्मेल तापाने गेला.
साधा ताप, त्या वर्षीचा,
गोळीबिळी काही नाही.
पुढल्या उन्हाळ्यात ओटोमार दुकानात आला.
मी त्याला कधी पाहिलं नव्हतं,
पण आखूड बाही ओळखली.

आर्मेलच्या बहिणीने वही दिलेली त्याला.
वरच्या मजल्यावर पाद्रीबुवांच्या बहिणीचा पियानो होता.
मी खाली फिती गुंडाळत ऐकत होते.
वाजवता वाजवता तो थांबला.
मोजलं नव्हतं मी, तरी मला माहीत होतं कुठे.
बराच वेळ काहीच नाही.
मग तीच जागा पुन्हा, आणि पुन्हा,
आणि चौथ्यांदा न थांबता पुढे.

खाली आला. डोळे कोरडे.
म्हणाला, काळी फीत द्या, टोपीपुरती.
मी खण उघडला.
त्याने पाहिलं की नाही, कोण जाणे.
मी माप घेऊ लागले तेव्हा मात्र म्हणाला,
"जपून हं बाई.
तुमचा हात जरा वर सरकतो."

मी कात्री चालवली.
चार बोटं जास्त गेली फीत.
त्याचे पैसे त्याने ठेवले, आणि मी घेतले नाहीत,
आणि ती नाणी बरेच दिवस
तराजूच्या एका पारड्यात तशीच पडून होती.