पोटी असेल ते

महालात, झेंडा चौकामागच्या गल्लीत
मी मोडी वाचतो. पानाला दोनशे रुपये.
लोक कागद आणतात पिशवीत, टॉवेलात,
एकाने तर जेवणाच्या डब्यात आणला होता.
मी वाचतो, बाळबोधीत उतरवतो, शिक्का मारतो.
पुढे खटला कोण जिंकलं
ते सांगायला कुणी परत येत नाही.

नेतरामभाऊ आले ते कुहीकडून.
वावरात लेआऊट पडायचं होतं.
सोबत दोन भाऊ, एक वकील,
आणि खुर्ची उरली नाही म्हणून
उंबऱ्यावर टेकलेली बहीण.
तिची हक्कसोडावर सही तेवढी हवी होती.

कागद फसली सन बाराशे चौतीसचा.
सोमाजी पाटील वल्द चिंधूजी मयत जाहले,
सबब लेकांत वाटणी, बित्तपशील:
बांधी सात, पैकी बोडीखालच्या दोन.
मोहाची झाडे नऊ, मधले एक सामाईक.
तांब्याचा हंडा, चीर गेलेला.
बैल एक, डाव्या डोळ्याने अधू, रुपये बत्तीस, कुणबीण एक,
नामे सुकरी, उमर अठरा, रुपये तीस.

बैलानंतर तिच्यासाठी
बोरूने नवी ओळही घेतली नव्हती.

मी थांबलो नाही. सवय असते.

सुकरी थोरल्या मनसारामाकडे.
पोटी असेल ते धाकट्या पैकूकडे,
दूध तुटल्यावर न्यावे.
मेलेले निपजल्यास
थोरल्याने पैकूस एक गोऱ्हा भरून द्यावा.

तेव्हा थांबलो.

वकील म्हणाले, कोर्टाला याची गरज नाही.
नेतरामभाऊंनी माझ्यापुढे चहा सरकवला.
"एवढी ओळ नाही उतरवली तं चालते नं जी?
आमच्या घरचे तसे नव्हते."
वाईट माणूस नाही तो. कप सरकवताना
बशीत सांडलेला चहा त्यानेच रुमालाने पुसला.
आणि ओळी मी याआधीही गाळल्यात:
कुणाची दुसरी बायको, कुणाचं गहाण.
खोटं कशाला बोलू.

"काय नाव म्हणाले जी?"
उंबऱ्यावरून.

सुकरी.

"आमच्याकडे बोडीखाली एक बांधी आहे.
सुकीची बांधी म्हणतेत तिले.
मी लहानपणी विचारू, सुकी कायची?
फागणापर्यंत पाणी राह्यते तिच्यात.
तं बाबा म्हणत, नाव आहे,
नावाले काय अर्थ राह्यते का?"

कुणीच काही बोललं नाही.
दोनशे वर्षांत एक र झिजला होता,
कागदावरचा नाही, तोंडातला.

ती तिथे बाळंत झाली, की तिथेच पुरली,
की रोवणीला वाकायची सगळ्यांच्या आधी
आणि उठायची सगळ्यांच्या नंतर,
कागदात नाही.
पैकूला पोर मिळालं की गोऱ्हा, तेही नाही.
पुढचं पान उधईने खाल्लंय,
आणि जे खाल्लं त्याचे पैसे मी लावत नाही.

उतारा दिला. सगळा दिला.
नेतरामभाऊंनी चारशे मोजले,
दोनदा मोजले,
माझ्याकडे न बघता.

मग वकिलांनी हक्कसोड पुढे केला.
बहिणीने माझ्या टेबलावरचा पेन उचलला,
कागद वरून खाली पाहिला, बोट लावून,
जसं पोरं धडा वाचतात.
"याच्यात बांधीचं नाव कुठं आहे?"
गट नंबर असतो ताई, नाव नसते.
"तं लिहा पहिले. र सकट लिहा.
मंग पाहू."

ते गेले. गल्लीत गाडी सुरू झाली,
एकच दार आपटल्याचा आवाज आला,
दुसरं बराच वेळ उघडं असावं.
कप तसाच, वर साय धरलेली.
पेन ती सोबत घेऊन गेली.
माझा होता.