पाठमोरी

बी मुद्दाम आणलं नव्हतं.
गोकुळपेठेतून लव्हबर्डसाठी आणलेल्या पुडीत
राळ्याच्या दाण्यांत मिसळलेल्या
काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या अकरा बिया.
जोडी दिवाळीतच गेली. आधी एक,
चार दिवसांनी दुसरा.
पुडी फ्रिजवर राहिली.

फेब्रुवारीत कुंदा म्हणाली, टाकून तरी द्या कुठं.
मी टाकल्या,
पण दोरी ताणून, दीड-दीड फुटावर,
पूर्वेच्या भिंतीला समांतर.
एकतीस वर्षं भूमापन कार्यालयात काढलेल्या माणसाला
नुसतं टाकता येत नाही.

भिंतीपलीकडे पराते.
पाऊण फुटाचं भांडण आमचं.
भिंत कोणाच्या जागेत?
नकाशा माझ्याकडे आहे, मोजणी मीच केली आहे.
ते म्हणतात, म्हणूनच तर.
तीन उन्हाळे बोलणं नाही.
फक्त त्यांच्या कूलरची नळी
भिंतीतल्या भोकातून आमच्याकडे ठिबकते.
त्याचा मनपाला अर्ज लिहिला होता.
द्यायचा राहिला.

मार्चअखेर हुडकेश्वरभर कूलर घुमायला लागले
आणि ते पाणी, कोमट, वाळ्याच्या वासाचं,
बरोबर सातव्या रोपापासून पुढं झिरपलं.
सातवं, आठवं, नववं, दहावं
माझ्या डोक्याच्या वर गेली.
माझ्या बादलीवरची पहिली सहा
जेमतेम भिंतीएवढी.
अकरावं उगवलंच नाही.
उंचीची नोंद मी रोज घेतली,
त्या अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूला.

कळ्या दिवसभर फिरत.
सकाळी परात्यांच्या टाकीकडे,
संध्याकाळी आमच्या बैठकीच्या खिडकीत.
बघ, म्हणालो कुंदाला, इकडेच फुलतील.
व्हरांड्यात खुर्चीही लावून ठेवली.

फुललं की सूर्यफूल फिरणं सोडतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मान जाड होते,
आणि मग ते पूर्वेकडेच बघत राहतं.
एप्रिलच्या एका आठवड्यात
दहाच्या दहा
परात्यांकडे तोंड करून उभी.
आम्हाला पाठी.
हिरव्या, लवदार, खरखरीत,
प्रार्थनेच्या रांगेत मागून दिसतात तशा.

उत्तरेचा बाण काढल्याशिवाय
मी एक कागद पुढं सरकवला नाही कधी.
कुंदा इतकी हसली
की पदर तोंडात धरावा लागला तिला.

मग एका सकाळी भिंतीवरून परातेबाई:
"काहो भाऊजी, तुमचे फुलं तं
आमच्याचकडे पाहून राह्यले दिवसभर!
यायनं खाटच तिकडं लावून घेतली."

तीन उन्हाळ्यांनंतर काय बोलायचं असतं?
म्हणालो,
"कूलरचं पाणी बंद नका करू."

नवतपात चकत्या काळ्या पडल्या, माना लवल्या,
आणि पहाटे पोपट यायला लागले.
परात्यांनी स्टूल लावून
चार चकत्यांना मच्छरदाणीचे तुकडे बांधले,
त्यांच्या बाजूनं, मला न विचारता.
सहा पोपटांना सोडली.
कोणती सहा, हेही त्यांनीच ठरवलं.
मी व्हरांड्यातून बघत होतो.
गाठी चांगल्या बांधतात.

मृग लागायच्या सुमारास
भिंतीवर स्टीलची वाटी, वर बशी झाकलेली.
आत बिया. पहिल्यांदाच असं झालं
की मी काही मोजलं नाही.
वाटी परत करताना रिकामी कशी द्यायची
म्हणून कुंदानं लिंबाचं लोणचं घातलं.

आता पुन्हा फेब्रुवारी.
दोरीचा गुंता सोडवत बसलो होतो.
कुंदा म्हणाली, यंदा पश्चिमेच्या भिंतीला लावा ना,
म्हणजे तोंडं आपल्याकडे होतील.

हिशेब बरोबर होता तिचा.
दोरीची एक गाठ काही केल्या सुटेना.
तिकडं, म्हणालो,
कूलरचं पाणी पोचत नाही.